कीटकांची घटती संख्या आणि आपण



पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याभोवती किड्यांची झुंबड उडावी आणि ताटात पडू नयेत म्हणून जेवणाच्या वेळी दिवाच मालवावा लागावा, हे आमच्या पिढीने अनुभवले आहे. आता तशी झुंबड क्वचितच दिसते, असे अनेक भाविक आम्हांला सांगतात. अर्थात, आठवण म्हणजे मोजमाप नव्हे. म्हणून ज्यांनी खरोखरच मोजले, त्यांच्याकडे प्रथम वळू या.

जर्मनीच्या पश्चिमेस क्रेफेल्ड नावाचे शहर आहे. तेथे १९०५ साली स्थापन झालेली कीटक-अभ्यासकांची एक संस्था असून तिचे बहुतेक सभासद हौशी अभ्यासक आहेत. १९८९ पासून त्यांनी संरक्षित निसर्गक्षेत्रांत बारीक जाळीचे तंबू उभारले. उडता कीटक जाळीला अडला की स्वभावतः वर चढतो आणि शेंड्याला लावलेल्या मद्यार्काच्या बाटलीत पडतो. बाटलीत साठलेले कीटक गाळायचे, तोलायचे आणि वजन लिहून ठेवायचे, हे काम २७ वर्षे एकाच पद्धतीने चालले. मोजण्यासाठी मारावे लागले, ही त्यातील विसंगती आम्हांलाही खटकते. परंतु त्यांनी ते केले नसते, तर काय हरवले हे कोणालाच कळले नसते. ६३ ठिकाणांच्या या नोंदी ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. उडत्या कीटकांचे एकूण वजन ७६ टक्क्यांनी घटले होते. ऐन उन्हाळ्यातील घट तर ८२ टक्के होती.

ही ठिकाणे राखीव होती, हे ध्यानात घ्यावे. तेथे नांगर फिरत नव्हता. मग घट का झाली? २०२३ साली काही संशोधकांनी या घटीचा मोठा भाग हवामानातील चढउतारांनी स्पष्ट होतो, असे मत मांडले. त्यावर वाद झाला. हवामानाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण राखीव जागेचे कुंपण कीटकाला ठाऊक नसते. तो शेजारच्या शेतात चरतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीतील २१ संरक्षित क्षेत्रांतील कीटक तपासले गेले, तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या कीटकांत सरासरी १६ हून अधिक शेतीऔषधांचे अंश सापडले.

त्या औषधांपैकी निओनिकोटिनॉइड गटाची माहिती आपल्या शेतकरी बांधवांनी अवश्य घ्यावी. इमिडाक्लोप्रिड हे त्यांतलेच. आपल्याकडे बीटी कपाशीचे बियाणे बहुधा ते लावूनच येते. बियाण्याला लावलेले औषध रसावाटे झाडभर पसरते आणि परागात व मधातही उतरते. मधमाशी त्याने लगेच मरतेच असे नाही. अल्प मात्रेने ती पोळ्याकडे परतण्याची वाट चुकते. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.

याचा आपल्या वाडीशी संबंध काय, असे कोणी विचारील. काकडी, दुधी, कारली, शिराळी यांच्या वेलावर नरफुले व मादीफुले वेगळी असतात. एका फुलातील पराग कीटकाने दुसऱ्यात नेल्याखेरीज फळ धरत नाही. काकडीचे फूल सकाळी उमलते आणि मधमाश्या त्याच वेळी येतात. सकाळच्या गारव्यात फवारणी उरकणारा शेतकरी त्यामुळे आपल्याच मजुरांवर फवारत असतो. फवारणे अटळच असेल, तर मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी फवारावे. दुधी आणि शिराळी मात्र संध्याकाळी फुलतात व पतंगांची वाट पाहतात. तेथे हा उपायही अपुरा पडतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीच्या व्यवहारासाठी आवश्यक म्हणून किडे आणि गांडुळे यांचाही उल्लेख केला. पास्काच्या रात्री मेणबत्तीची स्तुती गाताना आपण मधमाश्यांच्या श्रमांचेही स्मरण करतोच. हे आम्ही दरवर्षी गातो. तरीही पुढील गोष्ट आमच्याच हातून घडली.

२ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वी दफनभूमी स्वच्छ करावी लागते. पूर्वी हे काम विळ्याने होई. माणसे मिळेनाशी झाल्यावर तणनाशकाच्या फवारणीला आम्हीच संमती दिली. दोन दिवसांत गवत पिवळे पडले. तणनाशक कीटकांसाठी नाही, मग त्यांना काय होणार, असे आम्हांला वाटले होते. परंतु कुंपणाकडेचा टाकळा हे पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांचे अन्न आहे, तर रुईच्या पानांवर काळ्या-केशरी फुलपाखराची अळी वाढते. अळीला वाटेल ते पान चालत नाही. आम्ही विष पाजले नाही, ताट काढून घेतले.

यंदा कबरींवरील व वाटेवरील गवत विळ्याने कापले जाईल आणि भिंतीलगतचा पट्टा तसाच राहील. त्यामुळे दफनभूमी अस्वच्छ दिसेल, अशी नाराजी काही कुटुंबांनी आमच्याकडे कळविली आहे. त्यांची भावना आम्ही समजतो. गवत कापायला येऊ शकणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, सकाळच्या मिस्सानंतर, विळा घेऊन यावे.