चार बॅटऱ्यांची साखळी आणि एक दुबळी कडी

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबई-सुरत लोहमार्गावर वसलेले सचिन हे एकेकाळी सिद्दी नवाबांचे संस्थान होते. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहतीची आहे आणि खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली आहेत. अशा वसाहतींतील ई-रिक्षा असो वा दुकानातील मोठा इन्व्हर्टर, दोहोंचा आधार बहुधा एकच असतो : १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची साखळी.

एका बॅटरीचे धन अग्र दुसरीच्या ऋण अग्राला जोडले की व्होल्टेजची बेरीज होते. अँपिअर-तास मात्र तेवढेच राहतात. ही एकसर जोडणी होय. धनाला धन व ऋणाला ऋण जोडल्यास अँपिअर-तास वाढतात, व्होल्टेज बदलत नाही. ही समांतर जोडणी. १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या कशाही जोडल्या तरी साठा ७,२०० वॅट-तासच राहतो.

मग व्होल्टेज वाढवायचे कशासाठी? २,४०० वॅटच्या भाराला १२ व्होल्टवर २०० अँपिअर धारा लागते. ४८ व्होल्टवर केवळ ५०. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे धारा चौथाई झाली की त्याच तारेतील ऊर्जानाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. तार बारीक चालते, सांधे कमी तापतात.

मात्र या साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. चारपैकी एकच बॅटरी निकामी झाली म्हणून तेवढीच नवी बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ही काटकसर महागात पडते. जुन्या बॅटऱ्या आधी रिकाम्या होतात आणि नवी त्यांच्यातून धारा रेटत राहते. चार्ज होताना त्याच आधी भरतात, तापतात व ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडतात. चार्जरला फक्त एकूण व्होल्टेज दिसते. तीन बॅटऱ्या १२.७ व्होल्टवर आणि एक १०.५ वर असली तरी मीटर ४८.६ दाखवतो आणि सारे आलबेल वाटते. म्हणून प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे, भार चालू असताना मोजावी. संच एकाच कंपनीचा, एकाच क्षमतेचा व एकाच वयाचा असावा.

चार्ज होत असताना ही साखळी सुमारे ५८ व्होल्टपर्यंत चढते. ओल्या हातांनी तिला स्पर्श करू नये. काम करताना अंगठी, कडे काढून ठेवावे व पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. दोन अग्रांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर धारा क्षणात वाहते. बॅटरीजवळच फ्यूज हवा, तोही डीसीसाठीच बनवलेला. एसीची धारा प्रत्येक आवर्तनात शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती तशीच पेटती राहू शकते.

पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गोव्यातील घरांनाही हाच नियम लागू आहे. जोडणी प्रशिक्षित वायरमनकडूनच करून घ्यावी आणि जुना संच भंगारात न फेकता विक्रेत्याकडे परत द्यावा.