ठाण्यात कोठडी नाही, मग आरोपी कुठे?

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की वाटेत तामलवाडी लागते. कोजागिरीला पायी निघालेले हजारो भाविक याच रस्त्याने जातात, एरवी टोलनाक्यावर मालमोटारींची ये-जा असते. गाव तुळजापूर तालुक्यातले, जिल्हा धाराशिव, आणि गावाच्या नावाचे स्वतंत्र पोलीस ठाणे आहे. अशा ग्रामीण ठाण्याच्या हद्दीत रात्री कुणाला अटक झाली की घरचे सकाळी ठाण्यात धाव घेतात. तिथे माणूस नसतो. ‘तुळजापूरला ठेवलंय’ एवढेच कानावर पडते आणि काळजाचा ठोका चुकतो. इथे पकडलेला माणूस दुसरीकडे का नेला? मारायला? की पैसे उकळायला?

भीती समजण्यासारखी आहे. पोलीस कोठडीत माणसे दगावल्याच्या घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. पण बहुतेक वेळा या भीतीचे मूळ व्यवस्थेची माहिती नसण्यात असते. आणि माहिती नसली की जिथे खरोखर प्रश्न विचारायला हवा, तिथे कुणी विचारत नाही.

‘कोठडी नाही, तर अटक करताच येत नाही’

अटकेचा अधिकार इमारतीतून येत नाही, कायद्यातून येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये तो दिला आहे. ठाण्यात गजांची खोली असावी, अशी अट त्यात नाही. लहान ठाण्यांच्या अडचणी अनेक असतात. कुठे इमारत जुनी, कुठे कोठडी वापरण्याजोगी राहिलेली नाही, कुठे महिलांसाठी वेगळी सोय नाही. अशा वेळी आरोपीला जवळच्या मोठ्या ठाण्याच्या, बहुधा तालुक्याच्या गावच्या कोठडीत ठेवतात. त्यात बेकायदा काही नाही. गुन्ह्याचा तपास मूळ ठाण्याकडेच राहतो. ज्या कोठडीत माणूस बंद आहे, तिथल्या पहाऱ्याची जबाबदारी मात्र त्या ठाण्याची.

ही सोय कागदावर कशी चालते, ते जरा जवळून पाहू. समजा, तामलवाडीच्या हद्दीत रात्री अकराला एकाला अटक झाली. आधी अटक पंचनामा. त्यावर तारीख आणि वेळ हवीच, घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी आणि आरोपीचीही. अटक का केली, हे त्याला सांगावे लागते. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्कही सांगावा लागतो. मग अंगझडती. पैसे, मोबाइल, अंगठी काढून घेतात आणि त्याची पावती देतात. करदोटा, पट्टा, नाडी हेही काढून ठेवतात, कारण कोठडीत कुणी जिवाचे बरेवाईट करून घेऊ नये. त्यानंतर सरकारी डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी. कलम ५३ नुसार अंगावर जखम किंवा माराची खूण असेल तर ती अंदाजे केव्हाची, हे डॉक्टरने लिहायचे असते आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. फार थोडी कुटुंबे ही प्रत मागतात. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात मोलाचा कागद तोच.

मग गाडी निघते. मूळ ठाण्याच्या स्टेशन डायरीत निघाल्याची वेळ, सोबतचे कर्मचारी, कुठे निघाले याची नोंद. पोहोचल्यावर तिथल्या नोंदवहीत आत घेतल्याची वेळ आणि आरोपीची अवस्था. सकाळी तपासासाठी बाहेर काढले की पुन्हा नोंद, परत आणले की पुन्हा. दोन ठाण्यांच्या नोंदींमध्ये जो वेळ उरतो, तो फक्त रस्त्याचा असायला हवा. अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेला कागदावर चार तास लागले असतील, तर वकिलाने तिथेच बोट ठेवावे. माणूस हलवला यात गैर नाही. हलवताना मधला वेळ कुठेच नोंदला गेला नसेल, तर ते गंभीर आहे.

‘चोवीस तास कोठडीत टाकल्यापासून मोजतात’

हा गैरसमज पोलिसांच्या सोयीचा आहे, म्हणून तो ठामपणे खोडायला हवा. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. घड्याळ सुरू होते अटकेच्या क्षणी. ती तामलवाडीत झाली की तामलवाडीतच. तालुक्याच्या कोठडीत पोहोचल्यावर ते पुन्हा शून्यावर येत नाही. सूट एवढीच, की अटकेच्या ठिकाणाहून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ धरत नाहीत. तामलवाडीहून तुळजापूरच्या न्यायालयात जायला असा कितीसा वेळ लागणार?

याच्याच पोटात दुसरी समजूत आहे: शुक्रवारी संध्याकाळी उचलले की सोमवारपर्यंत सुटका नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी दंडाधिकारी नेमलेले असतात. चोवीस तासांच्या हिशेबात रविवार, दिवाळी, गुढीपाडवा असला अपवाद नाही.

आणि ‘अजून अटक दाखवलेली नाही, नुसती चौकशी चालू आहे’ असे म्हणत माणसाला दोन दिवस बसवून ठेवणे? स्वतःच्या मर्जीने उठून जाण्याची मोकळीक त्याला नसेल, तर ती अटकच. कागदावर तारीख कोणतीही लिहा.

‘नेले म्हणजे जेलमध्येच टाकले’

इंग्रजी सिनेमात शेरीफ गुन्हेगाराला पकडतो आणि कार्यालयाच्या मागच्या गजाआड टाकतो. अमेरिकेत बऱ्याच काउंटींमध्ये निवडून आलेला शेरीफच तुरुंगही चालवतो. ज्या छोट्या काउंटीला तुरुंग नाही, ती शेजारच्या काउंटीशी करार करून दिवसाच्या दराने तिथे आरोपी ठेवते. आपल्याकडे तसे नाही. पोलीस आणि कारागृह ही दोन वेगळी खाती आहेत. धाराशिवचे जिल्हा कारागृह पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली नाही, ते कारागृह विभागाचे आहे. काही तालुक्यांत दुय्यम कारागृहे आहेत, त्यांचा कारभार तहसीलदारांकडे असतो.

म्हणून ठाण्याची कोठडी हा तुरुंग नव्हे. पहिल्या चोवीस तासांनंतर माणूस कुठे राहणार, हे पोलीस ठरवत नाहीत, न्यायालय ठरवते. न्यायालयाच्या आवारात ज्याला ‘पीसीआर’ म्हणतात ती पोलीस कोठडी आणि ‘एमसीआर’ म्हणजे न्यायालयीन कोठडी. पहिलीत माणूस तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात, दुसरीत कारागृहाच्या. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. पूर्वी हे दिवस पहिल्या पंधरवड्यातच मिळत. नव्या संहितेच्या कलम १८७ नुसार ते तुकड्यातुकड्यानेही मागता येतात, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांच्या आत. हा बदल मला काळजी करण्याजोगा वाटतो. जेलमध्ये गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात येऊ शकतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवायला हवे. तपास साठ किंवा नव्वद दिवसांत संपवून दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो.

याच कलमातली एक ओळ कोठडी नसलेल्या ठाण्यांसाठी फार महत्त्वाची आहे. पोलीस कोठडीतला माणूस पोलीस ठाण्यातच ठेवायचा, न्यायालयीन कोठडीतला कारागृहात किंवा सरकारने कारागृह म्हणून जाहीर केलेल्या जागेतच. म्हणजे जागा नाही म्हणून लॉज, शेतातली खोली, कुणाचे गोदाम, रात्रभर फिरणारी खासगी गाडी, यांतले काहीही चालत नाही. दुसरे ठाणे चालते.

‘गुन्हा दाखल झाला, आता आत जाणारच’

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी अटकेची गरज आहे का, हे पोलिसांनी लेखी कारणांसह ठरवायचे असते. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे कडक शब्दांत सांगितले. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन ठाण्यातच होतो. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा आजाराने खंगलेल्या माणसाला अटक करायची तर किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. बांधावरच्या भांडणात म्हाताऱ्या बापालाही नावासकट गोवले जाते, अशा गावांत ही तरतूद सगळ्यांना पाठ हवी.

बाई आणि मूल

इथे कोठडी नसण्याची अडचण सर्वांत टोचते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच तर महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. महिलांसाठी वेगळी कोठडी आणि पहाऱ्याला महिला पोलीस, हा नियम आपल्याकडे सहज आलेला नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, देश हादरला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मुंबईतल्या कोठड्यांमधल्या बायकांची अवस्था पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली होती. महिलांना वेगळ्या कोठडीत ठेवा आणि तिथे पहारा महिला पोलिसांचाच असू द्या, असा आदेश त्यातून १९८३ मध्येच निघाला. त्यामुळे ‘आमच्याकडे महिला कोठडी नाही’ हे ठाण्याने सांगणे पुरेसे नाही. जिथे आहे तिथे तिला नेणे भाग आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कोणत्याच ठाण्याच्या कोठडीत ठेवता येत नाही, तुरुंगातही नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे. वय पटवून देण्यासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला घरच्यांनी त्याच रात्री घेऊन जावे.

‘कुठे ठेवलंय हे पोलीस सांगायला बांधील नाहीत’

बांधील आहेत. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घालून दिले आणि आता ते कायद्यातच आहे. अटक आणि ठेवल्याची जागा नातेवाईकाला किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला कळवायची. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा नियंत्रण कक्षात अटकेतल्या लोकांची माहिती ठेवणारा नेमलेला अधिकारी असतो. अटकेतल्यांची नावे ठळकपणे लावायची असतात. ठाण्यात धड उत्तर मिळाले नाही तर नियंत्रण कक्षाला विचारा. ठाण्यात आणि कोठडीसमोर सीसीटीव्ही हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. मारहाणीचा संशय असेल तर चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज वकिलामार्फत लगेच करावा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून तो मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्कही आहे, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हेही त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

पहिल्यांदा हजर केल्यावर दंडाधिकारी आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? दुसऱ्या गावच्या कोठडीत रात्र काढून आलेला, भेदरलेला माणूस बहुधा मान हलवून ‘नाही’ म्हणतो, कारण परत त्यांच्याच गाडीत बसायचे असते. मार लागला असेल, जेवण मिळाले नसेल, अटकेची वेळ चुकीची लिहिली असेल, तर ते याच वेळी मोठ्याने सांगावे आणि ते रोजनाम्यात उतरले का, हे वकिलाने पाहावे. तक्रार नोंदली गेली की पुन्हा वैद्यकीय तपासणीचा आदेश मागता येतो, आणि पुढच्या तारखेला दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचता येतात.