खुडूक कोंबडी आणि चार कच्ची अंडी

या, बसा. आज गोष्ट परसातल्या डालग्यापासून सुरू होणार आहे आणि थोरल्याच्या पेल्यापाशी येणार आहे.

थोरला गेल्या महिन्यापासून तालमीत जातोय. पहाटे पाचला उठतो, जोर-बैठका मारतो, आखाड्याची तांबडी माती अंगाला लावून घरी येतो. मला त्याचं फार कौतुक आहे. कोल्हापुरात पोरगं तालमीत जायला लागलं की सगळ्या घराला त्याच्या खुराकाचे वेध लागतात. परवा बघतो तर पठ्ठ्यानं दुधाच्या पेल्यात चार अंडी फोडली आणि डोळे मिटून घटाघटा पिऊन टाकली. विचारलं तर म्हणाला, "आबा, शिजवलं की अमिनो आम्लं जळून जातात. कच्च्यातच खरी ताकद."

तेव्हाच मी ठरवलं, ही गोष्ट सांगायचीच. बाळा, तुझं म्हणणं खरं ठरेल असा एक छोटा कोपरा या गोष्टीत आहे. तिथंही जाऊ. पण आधी डालग्याकडे चला.

आपली तांबडी खुडूक झाली तेव्हा आजीनं तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. हळू बोला, ती चिडते. तिच्या पोटाखालचं अंडं हाताला कोमट लागतं. साडेसदतीस अंश, थोडं इकडे-तिकडे. बस्स, एवढीच ऊब. ती एकवीस दिवस मिळाली की पातळ पांढऱ्यातून आणि पिवळ्या बलकातून चोच होते, नखं होतात, डोळे होतात, पिसं फुटतात. कवचाच्या बारीक छिद्रांतून हवा आत-बाहेर करते, पण अन्नाचा एक कणही बाहेरून येत नाही. जे काही लागतं ते सगळं आईनं आधीच आत भरून ठेवलेलं असतं. आता तसलंच अंडं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. टणक गोळा! दोन्हीकडे माल तोच आणि दोन्हीकडे दिली ती उष्णताच. मग एकीकडे पिल्लू आणि दुसरीकडे गोळा, हे कसं?

धाकटे, तुझी ती मण्यांची पेटी आण बरं. वीस रंगांचे मणी आहेत असं समज. ती झाली वीस अमिनो आम्लं. एका दोऱ्यात ती ठरलेल्या क्रमानं ओवली की प्रथिनाची माळ तयार होते. अंड्याच्या पांढऱ्यात जी प्रथिनं असतात, त्यांतलं निम्म्याहून जास्त एकट्या ओव्हाल्ब्युमिनचं असतं. त्याच्या एका माळेत ३८५ मणी. पण माळ सरळ लोंबत नसते. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिचा घट्ट गुंडा होतो. प्रत्येक प्रथिनाचा गुंडा वेगळा, आणि त्याचं कामही त्या घडीवरच अवलंबून.

थोरल्या, आखाड्यात एखादा पैलवान पालथा पडून हातपाय अंगाशी आवळून घेतो, मातीला चिकटून राहतो, तेव्हा समोरच्याला पकडच मिळत नाही ना? कच्च्या पांढऱ्यातली प्रथिनं अगदी तशी असतात. आपल्या पोटातले पेप्सिन, ट्रिप्सिन हे विकर माळ तोडायला जातात, पण तोडायच्या जागा घडीच्या आत दडलेल्या असतात. हात घालायचा कुठं?

आणि हे उगीच झालेलं नाही. मला तर सगळ्या अंड्यात हीच गोष्ट सगळ्यात मोठ्या नवलाची वाटते. पांढरा बलक म्हणजे पिल्लाभोवतीचा कोट आहे. कवचातून एखादा जीवाणू आत शिरलाच, तर त्याला या कोटातून जावं लागतं. तिथं लायसोझाइम नावाचा पहारेकरी असतो, तो जीवाणूची भिंतच फोडतो. ओव्होट्रान्सफेरिन लोह धरून ठेवतं, त्यामुळं जीवाणूची उपासमार होते. अॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व इतकं घट्ट पकडतं की ते दुसऱ्या कुणाला मिळतच नाही. आणि काही प्रथिनं तर ट्रिप्सिनसारख्या विकरांचेच हात बांधतात. एवढा बंदोबस्त कुणासाठी? आतल्या एवढ्याशा जिवासाठी. आपण कच्चं अंडं पितो तेव्हा हा सगळा बंदोबस्त जसाच्या तसा पोटात घेतो, आणि मग आपल्या पोटाला तो आधी फोडावा लागतो. पिल्लाला मात्र घाई नसते. ते शेवटच्या आठवड्यात पांढऱ्या बलकाचे घोट घेतं आणि दिवसेंदिवस सावकाश पचवतं.

आता चुलीवर पातेलं ठेवू. पाणी तापत जातं तशी माळ हलायला लागते. साठ अंशांच्या थोडं वर ओव्होट्रान्सफेरिनची घडी सुटते आणि पांढरा बलक दुधी, थरथरता दिसायला लागतो. पासष्टच्या आसपास पिवळा बलक दाट होऊ लागतो, सत्तरीत तो बसतो. पण ओव्हाल्ब्युमिन चिवट. ते ऐंशी ओलांडल्यावरच हार मानतं, आणि तेव्हा कुठं पांढरा बलक टणक होतो. सुटलेल्या माळा एकमेकींत अडकतात, त्यांची जाळी तयार होते, पाणी त्या जाळीत कोंडलं जातं. उकडलेल्या अंड्याचं पांढरं म्हणजे खरं तर हे जाळीत धरलेलं पाणीच. शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणी!

या दोन बलकांच्या तापमानाचं कोडं स्वयंपाक्यांना फार दिवस छळत होतं. २०२५ साली इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी त्यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. अंडं दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, दोन मिनिटं तीस अंशांच्या पाण्यात, पुन्हा उकळत्या पाण्यात, असं बत्तीस मिनिटं. बाहेरचं पांढरं तापतं-निवतं, आणि पिवळा बलक मधोमध पासष्टच्या जवळपास स्थिर राहतो. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, तेवढ्या वेळात माझं कालवण होतं.

बरं, आता थोरल्याच्या प्रश्नाला हात घालू. घडी सुटली, गोळा झाला, पण मणी जळाले का?

१९३१ साली चीनमध्ये, पेकिंगला काम करणाऱ्या शिएन वू या रसायनशास्त्रज्ञानं याचं उत्तर दिलं. तापलेल्या प्रथिनाची फक्त घडी मोडते, माळ तुटत नाही, असं त्यानं सांगितलं. प्रथिनं आतून कशी दिसतात हे अजून कुणी पाहिलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. केवढी झेप! प्रयोगशाळेत अंड्यातली अमिनो आम्लं मोजायची असतील तर माळ तोडून मणी सुटे करावे लागतात. त्यासाठी प्रथिन जहाल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर चोवीस तास ठेवतात. चोवीस तास आणि जहाल आम्ल! आपल्या पातेल्यातल्या साध्या पाण्याची दहा मिनिटं त्यापुढं काय करणार?

म्हणूनच अमेरिकेच्या कृषिखात्याच्या तक्त्यात शंभर ग्रॅम कच्च्या अंड्यात प्रथिनं १२.६ ग्रॅम आहेत आणि उकडलेल्यातही १२.६. धाकटीनं मोबाइलवर हाच तक्ता पाहून मला पेचात पकडलं होतं. "आबा, तव्यावर तळलेल्या अंड्यात १३.६ आहेत आणि भुर्जीत फक्त दहा. मग भुर्जीत जळली ना?" प्रश्न झकास होता. पण बाळे, वजन कशाचं केलं ते बघ. तव्यावर पाण्याची वाफ झाली, म्हणून शंभर ग्रॅममध्ये अंडं जास्त बसलं. त्या लोकांच्या भुर्जीत दूध पडतं, म्हणून शंभर ग्रॅममध्ये अंडं कमी बसलं. मण्यांचा हिशेब शंभर ग्रॅमवर करू नकोस, एका अंड्यावर कर. पन्नास ग्रॅम खाण्याजोग्या भागात साधारण सव्वासहा ग्रॅम प्रथिनं. त्यात ल्युसीन अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर, लायसीन साधारण साडेचारशे मिलिग्रॅम, मेथिओनिन दोनशेच्या थोडं आत. उकडा, फोडून पाण्यात सोडा, कालवणात घाला, आकडा जवळजवळ तिथंच राहतो. आपल्याकडं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेल्या तक्त्यांतही कच्चं अंडं, उकडलेलं अंडं आणि आम्लेट वेगवेगळं मोजलेलं आहे. कुणाला हौस असेल तर ते पुस्तक चाळावं. मी त्यात तासन् तास रमतो.

पण अंड्यात किती आहे हा एक प्रश्न, आणि आपल्या अंगी किती लागतं हा दुसरा. थोरल्या, आता कान दे.

बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या संशोधकांनी १९९८ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना अंड्यातल्या मण्यांवर खूण करायची होती. अंडं झाल्यावर खूण करणार कशी? म्हणून त्यांनी थेट कोंबड्यांच्या खाद्यातच जड कार्बन असलेलं ल्युसीन घातलं. नेहमीच्या कार्बनहून किंचित जड, पण निरुपद्रवी. कोंबडीनं ते खाल्लं आणि आपल्या अंड्यात ओवलं. म्हणजे खुणेचे मणी कोंबडीनंच माळेत घातले! मग पाच माणसांना या अंड्यांतली पंचवीस ग्रॅम प्रथिनं एकदा कच्ची दिली, एकदा शिजवून. या पाचजणांच्या लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेनं पोटाबाहेर काढलेलं होतं, त्यामुळं तिथून न पचता काय बाहेर पडतं ते नेमकं मोजता आलं. शिजवलेल्या अंड्याची सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली. कच्च्याची सुमारे ५१.

पंचवीस ग्रॅम म्हणजे किती अंडी, सांग बघू. चार! तुझ्या पेल्यात असतात तेवढीच. या प्रयोगाच्या हिशेबानं तुझ्या चार कच्च्या अंड्यांतून जेवढं अंगी लागतं, तेवढं सव्वादोन उकडलेली अंडी देतात. उरलेलं खाली मोठ्या आतड्यात जातं आणि तिथल्या जीवाणूंची पंगत उठते. पहाटे उठून जोर मारायचे तू आणि खुराक त्यांना, हे मला आजोबा म्हणून कसं बघवेल? शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला पोटात जाण्याची भीती वेगळीच.

मघाशी घट्ट आवळून पडलेला पैलवान सांगितला ना? शिजवणं म्हणजे त्याला चितपट करणं. हातपाय मोकळे झाले की पोटातल्या विकरांना पकड मिळते. मणी तेच, तेवढेच. आपल्या पदरात पडतात मात्र जास्त.

आता तो कोपरा, जिथं तुझं म्हणणं खरं आहे. आम्लेटाची कड तांबूस, कुरकुरीत होते बघ. तुला तीच आवडते, मलाही. तिथं मात्र मणी खर्ची पडतात. १९१२ साली लुई कामिय मायार या फ्रेंच माणसानं दाखवलं की साखर आणि अमिनो आम्ल एकत्र तापली की तपकिरी रंग धरतात. अंड्याच्या पांढऱ्यात थोडं ग्लुकोज असतं, शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. ते लायसीनला धरून बसतं, कारण माळेत ओवलं तरी लायसीनचा एक हात मोकळाच राहतो. असं धरलेलं लायसीन आपल्या उपयोगाचं राहत नाही. अंड्याची भुकटी करणारे कारखाने तर भुकटी तांबूस होऊ नये म्हणून वाळवण्याआधीच पांढऱ्यातलं ग्लुकोज काढून टाकतात. घरच्या आम्लेटात ही गळती कडेपुरती, किरकोळ. पण लायसीन सांभाळावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या ज्वारीच्या भाकरीत नेमकं तेच तोकडं असतं. भाकरीला अंड्याचं कालवण जोडलं की तिची ती उणीव भरून निघते. तवा धुरावू देऊ नये, एवढंच.

आणि उकडलेल्या पिवळ्या बलकाभोवती कधी कधी हिरवट-काळसर कडं येतं, ते बघून धाकटी अंडं बाजूला सारते. सारू नकोस. सिस्टीन नावाच्या मण्यात गंधक असतं. अंडं फार वेळ उकळलं की थोडं गंधक सुटून त्याचा वायू होतो, आत पिवळ्याकडं सरकतो आणि तिथलं लोह त्याला भेटतं. दोघांचं मिळून ते कडं. हरवलेलं सिस्टीन नगण्य. उकळणं वेळेवर थांबवून अंडी लगेच गार पाण्यात टाकली की कडं येत नाही. पण गंमत पुढंच आहे. हेच गंधकवालं सिस्टीन पिल्लाच्या पिसांत ठासून भरलेलं असतं. पीस जळल्यावर जो उग्र वास येतो ना, तो बराचसा याच गंधकाचा. तुझ्या ताटात जे हिरवं कडं झालं, ते डालग्यात पीस झालं असतं.

"मग आबा, गोळ्याचं परत पातळ करता येतं?" हे धाकटीच विचारू जाणे. पूर्ण अंड्याचं नाही येत. पण २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी नव्वद अंशांवर वीस मिनिटं शिजवलेलं पांढरं घेतलं, युरियानं ते विरघळवलं आणि एका नळीत वेगानं गरगर फिरवलं. गुंतलेल्या माळा ताणल्या गेल्या, सुटल्या, आणि त्यातलं लायसोझाइम पुन्हा आपल्या मूळ घडीत बसलं. नुसतं बसलं नाही, पुन्हा कामाला लागलं. म्हणजे घडी कशी घालायची ते त्या मण्यांच्या क्रमातच लिहिलेलं असतं. पातेल्यातून निघाल्यावरही ते पुसलं गेलेलं नव्हतं.

थोरला मघापासून गप्प होता. उठला, पातेल्यात पाणी घेतलं, चार अंडी त्यात हळूच सोडली.

"उकळी आल्यावर किती मिनिटं, आबा?"

"दहा. मग गार पाण्यात."

धाकटी कधीच डालग्याशी जाऊन पोहोचली होती. कोंबडीच्या अगदी जवळ कान लावून बसलेली. तिनं आम्हाला दोघांना हातानंच बोलावलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आत कुणीतरी बोलतंय," ती कुजबुजली.

विसावा दिवस होता.