बोट पाहावी कीं बंदर?

गेल्या वर्षीं आमच्या मामंजींच्या वयाला एक्याऐंशी वर्षें पुरीं झालीं. सहस्रचंद्रदर्शनाचा विधि घरच्या घरींच करावा, आणि कार्यालय घेऊन तीनशें पानें उठविण्याऐवजीं त्याच पैशांत सर्व कुटुंबानें कोठें तरी एकत्र जाऊन यावें, असें थोरल्या भाऊजींनीं सुचविलें. आमचें घर बदलापुरास. धाकटे दीर अंबरनाथला राहतात. लहानमोठीं मिळून आम्ही अकरा माणसें. कोणीं काशीचें नांव काढलें, कोणीं केरळचें. पण पुतण्यानें ‘क्रूझ’ हा शब्द उच्चारला मात्र, आणि बाकीचे सर्व बेत मागें पडले. पुढचे पंधरा दिवस रात्रीच्या पंक्तीला एकाच प्रश्नाचा खल चालला होता : जलप्रवास ठरवावयाचा तर आधीं बोट पाहावी, कीं बंदर?

हा प्रश्न वरवर चैनीचा दिसतो. परंतु एकत्र कुटुंबांत चैनीचा प्रश्नहि शेवटीं कोणाच्या तरी गुडघ्यांपाशीं, कोणाच्या तरी भीतीपाशीं आणि सर्वांच्या पैशापाशीं येऊन थांबतो. आमच्याकडे तसेंच झालें. म्हणून ती हकीकत, आणि तिच्यांतून मला जें उमगलें तें, वाचक-भगिनींपुढें मांडावें असें वाटलें.

पुतण्याचा पक्ष बोटीचा. त्यानें सगळी माहिती आधींच काढून ठेविली होती. २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीचें ‘एम्प्रेस’ हें जहाज मुंबईहून गोवें, कोची व लक्षद्वीप या बाजूंना पर्यटकांस घेऊन फिरूं लागलें. १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधलेलें हें जहाज सुमारें २११ मीटर लांब. म्हणजे बदलापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या बारा डब्यांच्या लोकलहून थोडें आखूड, पण उंचीनें अकरा मजल्यांचें! पोहण्याचा तलाव, नाटकगृह, भोजनगृहें सर्व आंतच. “काकू, दोन रात्रींच्या प्रवासांत गोव्याच्या जमिनीवर आपण फार तर सात-आठ तास असणार. उरलेला सगळा वेळ बोटीवरच जायचा. मग बोट पाहायची नाहीं तर काय पाहायचें?” हा त्याचा हिशेब.

थोरल्या भाऊजींचा पक्ष बंदराचा. ते म्हणाले, “तलाव आणि नाटकगृह कल्याणलाहि आहे, त्यासाठीं समुद्रांत कशाला जावें? जावयाचें तर लक्षद्वीपला जावें. प्रवाळाची बेटें आणि तें निळें उथळ पाणी कांहीं आपल्याला उल्हास नदींत दिसणार नाहीं. बोट म्हणजे एक मोठी गाडी. गाडी पाहण्यासाठीं कोणी पंढरीची वारी करीत नाहीं.”

दोन्ही पक्षांचें म्हणणें मला पटे, आणि तीच पंचाईत होती. तेवढ्यांत मटार सोलीत बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही सगळीं खुशाल जा. मी घर सांभाळीन.”

त्यांच्या नकाराचें कारण आम्हां सर्वांस ठाऊक होतें. त्यांचे थोरले काका रामदास बोटींत गेले. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा. काकांना त्यांनीं केवळ तसबिरींत पाहिलेलें. तरीहि त्यांच्या माहेरीं बोटीचें नांव कोणीं घरांत काढीत नसे. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून सकाळीं रेवसला निघालेली ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्यापूर्वीं वीस वर्षें, नोव्हेंबर १९२७ मध्यें, तुकाराम व जयंती या दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत नाहींशा झाल्या होत्या. संतांचीं नांवें धारण करणाऱ्या बोटींवरहि समुद्रानें दया केली नाहीं, असें कोंकणांतील जुनीं माणसें अजून म्हणतात.

या दुर्घटनेचा विचार करतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. रामदास कांहीं मोडकळीस आलेली बोट नव्हती; १९३६ सालीं इंग्लंडांत बांधलेली, अवघ्या अकरा वर्षांची ती होती. रेवस बंदर तर तासा-दीड तासाच्या वाटेवरचें, रोजच्या येण्याजाण्याचें. बोटहि बरी आणि बंदरहि जवळचें. चुकला तो काळ. भर पावसाळ्यांतला वारा, उसळलेला समुद्र, गच्च भरलेली बोट आणि घाबरून एका बाजूला धांवलेली माणसें! तेव्हां ‘बोट कीं बंदर’ या वादाच्या आधीं ‘केव्हां’ हा प्रश्न उभा आहे, हें आम्हीं त्याच रात्रीं मान्य केलें. पावसाळा वर्ज्य, जावयाचें तें पौषांतच, असें ठरलें. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण घर सांभाळण्याची गोष्टहि त्यांनीं पुन्हां काढली नाहीं.

मामंजी इतका वेळ स्वस्थ ऐकत होते. ते मूळचे देवगडचे. सहा वर्षांचे असतांना, १९५० च्या सुमारास, आपल्या आईबरोबर कोंकणबोटीनें ते मुंबईस आले. त्या काळीं मुंबई-गोवें मार्गावर हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत बोट जात असे. अनेक ठिकाणीं ती धक्क्याला न लागतां खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारूंना पडावांतून बोटीपर्यंत न्यावें लागे. “खलाशानें मला गाठोड्यासारखें उचललें आणि वर दिलें,” मामंजी म्हणाले. “आई रडत होती. मी मात्र मागें वळून गांवाकडे पाहत होतों.” ती बोटसेवा १९८० नंतरच्या दशकांत बंद पडली, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, आणि किनाऱ्याची ती जुनी वाट पाण्यावरच पुसली गेली. मामंजींनीं एवढेंच विचारलें, “बोटीवरून आपला किनारा दिसेल का?”

पक्षकार दोघेहि गप्प झाले. कारण हा प्रश्न बोटीचाहि नव्हता आणि बंदराचाहि नव्हता, वाटेचा होता.

त्याच आठवड्यांत प्रवासासाठीं कापड आणावयास आम्ही दोघी जावा उल्हासनगरला गेलों होतों. दुकानाचे वृद्ध सिंधी मालक आमच्या ओळखीचे. आमचा वाद ऐकून ते हंसले आणि म्हणाले, “आमची आई कराचीहून बोटीनें आली. बोटीचें नांव काय होतें, तें तिला शेवटपर्यंत सांगतां आलें नाहीं.” फाळणीनंतर १९४७-४८ मध्यें सहस्रावधि सिंधी कुटुंबें कराचीहून बोटींनीं मुंबईच्या धक्क्यावर उतरलीं, आणि त्यांतील पुष्कळांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें येथें नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिचें नांव उल्हासनगर झालें. तेथील विभागांस लोक आजहि ‘कँप एक’, ‘कँप दोन’ असेंच म्हणतात. कराचींतील मराठी कुटुंबेंहि त्याच लोंढ्यांत परत आलीं. नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय शिक्षणाधिकाऱ्याच्या नांवाची शाळा ज्या शहरांत उभी आहे, तें शहर त्यांनीं एका गांठोड्यासह सोडलें. त्यांच्यापैकीं कोणीं बोटीवरची जागा पारखून घेतली असेल? आणि बंदर तरी कोणीं निवडलें होतें? पाय टेकावयास जमीन मिळाली, एवढेंच पुरे होतें.

आमच्या बदलापुरानेंहि असा एक दिवस पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, आणि हजाराहून अधिक उतारूंची सुटका करावी लागली. त्यांत रबरी होड्यांचा उपयोग झाला. त्या दिवशीं त्या लहानशा होडीहून थोर जहाज जगांत दुसरें नव्हतें.

सारांश, जो संकटांत प्रवास करतो त्याला हा प्रश्नच पडत नाहीं. जो हेतूनें प्रवास करतो त्याला बंदरच मोठें. कल्याणच्या जोशी घराण्यांतील आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कला पोंचल्या. शाकाहाराचा नियम सांभाळतांना जहाजावर त्यांना अन्नाची अडचण सोसावी लागली; पण वैद्यकाचें शिक्षण हें त्यांचें बंदर होतें, आणि त्यापुढें जहाजावरचे हाल त्यांनीं गौण मानले. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. पुढच्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. ध्येय कितीहि उंच असलें तरी तेथें जाणारें शरीर नाजूकच असतें, आणि अन्न, हवा, विश्रांति यांची हेळसांड त्याला बाधते, हेंहि त्यांचें चरित्र वाचतांना विसरतां येत नाहीं.

आतां राहिला तो आमच्यासारखा सुखासाठीं प्रवास करणारा गृहस्थ. त्याच्यापुरतें माझें मत असें झालें आहे : प्रवास जितका आंखूड, तितकें बोटीचें महत्त्व अधिक, प्रवास जितका लांब आणि बंदरें जितकीं दुर्मिळ, तितकें बंदराचें महत्त्व अधिक. दोन रात्रींच्या सफरींत बोट हेंच आपलें बिऱ्हाड. उलट, जेथें बोटीनें जाण्यांतच खरी गंमत आहे अशा बेटांकडे आठवडाभर जावयाचें असेल, तर साध्या बोटीनेंहि जावें. परंतु दोन्ही बाबतींत अंतिम निवाडा बोटीकडेहि नाहीं आणि बंदराकडेहि नाहीं. घरांतील सर्वांत अशक्त माणसाकडे आहे. त्याला जें झेपेल तेंच सर्वांचें बंदर.

ही कसोटी लावतांच आमचा वाद चटकन् सुटला. लक्षद्वीपला मोठें जहाज बेटाला लागत नाहीं; तें खोल पाण्यांत उभें राहतें आणि लहान होड्यांतून किनाऱ्यावर जावें लागतें. समुद्र खवळलेला असला तर तें उतरणेंहि रद्द होतें. मामंजी हंसून म्हणाले, “खलाशानें मला उचललें तेव्हां मी सहा वर्षांचा होतों. आतां कोण उचलणार?” त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून भाऊजींनीं आपण होऊन लक्षद्वीपचा हट्ट सोडला. गोव्याला बोट धक्क्यालाच लागते, म्हणून गोवें ठरलें.

ज्या भगिनींच्या घरीं असा बेत चालला असेल त्यांनीं पैसे भरण्यापूर्वीं पुढील गोष्टी अवश्य विचाराव्या. बोट धक्क्याला लागणार कीं होडीनें उतरावें लागणार? प्रत्येक बंदरावर प्रत्यक्ष किती तास मिळणार? जाहिरातींतील भाड्याखेरीज बंदराचे कर व इतर आकार किती? खोली घेतांना सर्वांत वरच्या मजल्याचा मोह धरूं नये. बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात. आधुनिक जहाजांना बाजूंचें डोलणें कमी करणारे पंख असतात खरे, पण पुढें-मागें होणारी उचल त्यांनीं थांबत नाहीं. वृद्धांचीं औषधें सामानांत न देतां हातपिशवींत ठेवावीं. उपासाचे दिवस असतील तर फराळाची चौकशी आधींच करावी. आणि बोटीवर वैद्य आहे काय, हें विचारावयास मुळींच संकोचूं नये.

पौषांतल्या एका संध्याकाळीं बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून आम्ही अकराहि जणें निघालों. बोट सुटण्यापूर्वीं प्रत्येक उतारूला संकटसमयीं कोठें जमावयाचें आणि तरंगतें जाकीट कसें बांधावयाचें, तें दाखवितात. तरुण मंडळी तेवढा वेळ छायाचित्रें काढण्यांत दंग होती. सासूबाईंनीं मात्र एकएक बंद स्वतःच्या हातानें बांधून पाहिला, आणि मग मला विचारलें, “रामदासवर हें दाखवीत असतील का ग?” मला उत्तर देतां आलें नाहीं.

जातांना रात्र दाट धुक्याची होती. किनाऱ्याच्या बाजूला कांहींच दिसलें नाहीं. मामंजी तसे निराश झाले नाहींत, पण गोव्यांत दिवसभर त्यांचें चित्त लागलें नाहीं. देवळें पाहून झालीं, मुलें वाळूंत खेळलीं, आणि सायंकाळीं बोट परतीला लागली तेव्हां ते पुतण्याला म्हणाले, “देवगडच्या समोर आपण केव्हां येऊं, तेवढें तुझ्या त्या नकाशांत पाहून ठेव. मी निजलों असलों तरी मला उठव.”

अकराच्या सुमारास त्यानें त्यांना उठविलें. सासूबाईहि शाल पांघरून आल्या. आकाश स्वच्छ होतें. फार दूर, पाण्याच्या कडेला, एक दिवा लागे आणि मालवे. “देवगडच्या किल्ल्यावरचें दीपगृह,” पुतण्या म्हणाला. मामंजी कठड्याला धरून कितीतरी वेळ त्या दिव्याकडे पाहत उभे राहिले. सासूबाईंनीं एका हातानें कठडा व दुसऱ्या हातानें त्यांचा दंड धरला होता.

भाऊजी माझ्या शेजारीं उभे होते. ते म्हणाले, “लक्षद्वीपला गेलों असतों तर हें दिसलें नसतें.” पुतण्या वरच्या मजल्यावरील गाणें ऐकावयास त्या रात्रीं गेलाच नाहीं.