किती रेडिएशन लागले, हे रक्तावरून कळते का?

“डॉक्टर, वर्षभरात तीन सीटी स्कॅन झाले. अंगात किती रेडिएशन साठले असेल? रक्ताची एखादी तपासणी करून घेऊ का?” वारंवार स्कॅन करावे लागणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात.

आधी एक गैरसमज दूर करू. एक्स-रे किंवा सीटीचे किरण शरीरात साठत नाहीत. मशीन बंद झाले की किरणही संपतात. वाटेत पेशींना होणाऱ्या इजेची खूण मात्र रक्तात शोधता येते. त्यासाठी आरएनएवर आधारित तपासणी विकसित होत आहे, पण ती वेगळ्याच प्रसंगासाठी.

१९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात, बंद पडलेल्या एका दवाखान्यातले कॅन्सर उपचाराचे जुने यंत्र भंगारात गेले. ते फोडल्यावर आतली सीझियम-१३७ ची निळसर चमकणारी पावडर लोकांनी कुतूहलाने घरी नेली. पुढे सुमारे १,१२,००० लोकांना तपासावे लागले. त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी द्रव्य सापडले आणि चौघे दगावले. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० मुळे एकाचा जीव गेला.

अशा वेळी दारात हजारोंची रांग असते आणि उपचार मोजक्यांनाच तातडीने हवे असतात. संपूर्ण शरीराला साधारण २ ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा मिळाली, तर अस्थिमज्जेचे काम मंदावते, पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्ग जीवावर बेतू शकतो. पेशी वाढवणारी इंजेक्शने लवकर सुरू केलेली बरी. पण कोणाला? उलटी हे लक्षण आहे खरे, पण घाबरलेल्या माणसालाही उलटी होते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी किती वेगाने घटतात ते पाहायचे, तर रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. सर्वांत विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत म्हणजे त्याच पेशींमधील तुटून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रे मोजणे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ती केली जाते. मात्र त्यासाठी पेशी सुमारे दोन दिवस वाढवाव्या लागतात आणि मग जाणकार डोळ्यांनी मोजाव्या लागतात. हजारोंसाठी हे कसे जमणार?

इथे आरएनए कामी येतो. किरणांनी डीएनए तुटला की पेशीतील पी-५३ हे प्रथिन सावध होते आणि दुरुस्तीशी किंवा पेशी थांबवण्याशी संबंधित जनुके चालू करते. जनुक चालू झाले की त्याच्या आरएनए प्रती वाढतात. काही तासांतच हा फरक मोजता येतो, आणि तोही कोरोनामुळे घरोघरी माहीत झालेल्या आरटी-पीसीआरच्याच तंत्राने. फरक एवढाच, की तेव्हा विषाणूचा आरएनए शोधत होतो, इथे आपल्याच पेशींचा. एफडीएक्सआर नावाचे जनुक यात विशेष उपयोगी ठरले आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी ज्यांना संपूर्ण शरीराला रेडिएशन द्यावे लागते, अशा रुग्णांच्या रक्तावर याचा अभ्यास झाला आहे. त्यांना मिळालेली मात्रा नेमकी माहीत असते, त्यामुळे पडताळणी करता येते.

अडचणीही आहेत. ही खूण काही दिवसांत पुसट होते. आरएनए पटकन विघटित होतो, म्हणून रक्त खास नळीत घ्यावे लागते. ताप, संसर्ग, सूज यांनीही काही जनुकांची पातळी बदलते. फक्त हाताला किरण लागले असतील, तर रक्तातली खूण फिकी पडते आणि धोका कमी वाटू शकतो. म्हणून माझ्या मते हिचा उपयोग पहिल्या चाळणीपुरता. उपचार ठरवताना रुग्णाची लक्षणे आणि बाकीच्या तपासण्या सोबत हव्यातच.

आता तुमच्या सीटीकडे येऊ. पोटाच्या एका स्कॅनमध्ये साधारण १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळते. या किरणांसाठी ग्रे आणि सिव्हर्ट ढोबळपणे सारखे धरले, तर २ ग्रे म्हणजे सुमारे २००० मिलिसिव्हर्ट. इतक्या लहान मात्रेत आरएनएचा फरक रोजच्या चढउतारात हरवण्याची शक्यता मोठी. शिवाय भविष्यात कॅन्सर होईल की नाही, हे ही तपासणी सांगत नाही. कोणी तसे सांगून पैसे मागितले तर देऊ नका. गरजेचा स्कॅन भीतीने टाळणे हा धोका बहुतेकदा मोठा असतो.

त्यापेक्षा जुने रिपोर्ट आणि सीडी जपून ठेवा, म्हणजे तोच स्कॅन पुन्हा करावा लागणार नाही. सीटी मशीन प्रत्येक वेळी दिलेल्या मात्रेची नोंद ठेवते. ती मागून घेता येते. गर्भधारणेची शक्यता असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयने काम भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्या दोन्हींत एक्स-रे वापरलेच जात नाहीत.