परसातली अमृता

पंचवटीतल्या आमच्या घरामागे कडुनिंब आहे आणि त्याच्यावर गुळवेल. कडुनिंबावरची गुळवेल गुणाला अधिक, असं आई म्हणायची. तापातून उठलेल्या माणसाला ती काढा द्यायची, पण आठ-दहा दिवसच. तोडलेलं कांडंही हवेत मुळ्या सोडतं. या वेलीला 'अमृता' म्हणतात ते उगीच नव्हे.

२०२० साली करोना आला आणि आईचा हिशेब मोडला. वेल जवळजवळ बोडकी झाली. वहिनींनी पावसाळाभर रोज काढा घेतला. दिवाळीनंतर त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ, पण तपासण्यांत एकही विषाणू सापडेना. 'आणखी कुठलं औषध चालू आहे का?' डॉक्टरांनी दोनदा विचारलं. वहिनी दोनदा 'नाही' म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. परसातली वेल औषधात कोण मोजतं?

अन्नावरची वासना उडाली, तसा काढाही सुटला. त्या बऱ्या झाल्या. मग अंगात ताकद यावी म्हणून पुन्हा काढा सुरू केला, आणि २०२१च्या मे महिन्यात डोळे पुन्हा पिवळे!

उलगडा झाला तो जुलैमध्ये. मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल वर्तमानपत्रांत गाजत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतलेले सहा रुग्ण त्यांच्याकडे यकृताला इजा होऊन आले. त्यांतल्या एक बाई दगावल्या. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी, असं ते चित्र होतं. आणि काढा घ्यायचा तो प्रतिकारशक्ती वाढवायला!

आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वेल ओळखण्यात चूक झाली असेल, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाचा हा प्रताप असेल, असं त्यांचं म्हणणं. शंका अगदीच गैर नव्हती. पुडीतल्या चूर्णावर वेलीचा चेहरा थोडाच असतो? पण आमच्या वेलीचं काय? आयुर्वेद शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना ती दाखवली. पानं, खोड निरखून ते म्हणाले, 'अस्सल गुळवेल आहे.' पुढे २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

असंख्य लोक गुळवेल घेतात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरं. वहिनींना झालं. डॉक्टरांना सारं सांगितलं, काढा कायमचा थांबला, रक्ताचे आकडे हळूहळू खाली आले.

वेल पुन्हा फुटली आहे. परवा शेजारच्या काकू कांडं मागायला आल्या. किती दिवस घेणार, असं मी विचारलं.

'रोजच घेते की! झाडपाल्याचंच तर आहे.'