आमचा सहाध्यायी आणि टेटूची झाडे

आमच्या वैद्यमित्रास जाऊन येत्या माघात दोन वर्षे होतील. त्याचे नाव येथे लिहीत नाही. छापील नावाचा त्यास जन्मभर संकोच होता. तो आम्ही त्याच्या मागेही पाळतो. आपल्या सभासदांपैकी ज्यांनी धानोरा भागात कधी फेरी मारली असेल, ते त्यास ओळखतीलच.

१९७८ साली आम्ही नागपुरास आयुर्वेदाच्या अभ्यासास लागलो, तेव्हा वसतिगृहाच्या एकाच खोलीत आम्हां दोघांच्या वळकट्या पडल्या. आम्ही चंद्रपूर शहरातले, तो नागभीडकडच्या खेड्यातला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा पुढे १९८२ साली झाला; त्या वेळी सारे एकच होते, आणि त्याच्या बोलण्यातील ‘गा’ ऐकून शहरी मुले हसत. आम्हीही हसत होतो, हे कबूल केले पाहिजे.

सुटीत तो आम्हांस आपल्या गावी नेई. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे (ती २०१९ मध्ये बंद झाली) इतकी सावकाश चाले की खिडकीतून पळस, मोह, ऐन, धावडा अशी झाडे ओळखण्याची परीक्षाच तो घेत असे. आम्हांस निघंटूतील पर्याय मुखोद्गत होते; झाड मात्र ओळखता येत नसे. एकदा याच पांडित्याच्या भरात आम्ही बिब्ब्याची ओली फळे हातांनी चुरली. दुसऱ्या दिवशी बोटे, पापण्या, ओठ सारे सुजून फोड आले. चरकाचार्यांनी रसायनपादात भल्लातकाचे जे गुण गायिले आहेत, ते आम्ही आदल्याच रात्री त्यास ऐकवले होते! तो काही बोलला नाही. खोबरेल लावीत बसला आणि शेजारच्या गुराखी पोरास बोलावून म्हणाला, “यांना बिब्बा कसा धरायचा ते दाखव.” गोपाळ आणि अजपाळ वनौषधी नामरूपाने जाणतात, हे सूत्रस्थानात आपण सर्वांनी वाचले आहे. त्या पोरापुढे सुजलेल्या डोळ्यांनी बसलो, तेव्हा त्याचा अर्थ कळला.

पदवीनंतर आम्ही चंद्रपुरास औषधशाळा काढली. तो धानोऱ्याच्या पलीकडे गेला आणि तेथेच राहिला. गोंडी शिकला. त्याच्या चिकित्सेविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण एकच सांगतो. त्या भागात हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा. थंडी वाजून ताप आलेला रुग्ण दिसला की तो आधी त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासण्यास धाडी. वेळ पडल्यास स्वतः सायकलवर मागे बसवून नेई. काही व्यवसायबंधूंना हे कमीपणाचे वाटे. तो म्हणे, “आपला काढा शिजेपर्यंत तापानं थांबलं पाहिजे ना!” लोकांचा त्याच्यावर जो विश्वास होता, तो बहुधा या धाडण्यामुळेच होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तीकडे वळतो. २०१० साली आमच्याकडे दशमूलारिष्टाची मोठी मागणी आली. दशमुळांपैकी सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, सराटा यांची फारशी चिंता नसते; अडचण येते ती बेल, अरणी, टेटू, पाडळ आणि शिवण या पाच वृक्षांची. बाजारात मुळाच्या नावाने काय मिळते, हे ज्याने त्याने आपल्या गोदामास विचारावे. आम्हांस खरी मुळे हवी होती. मित्राकडे आगाऊ रक्कम पाठवून टेटूच्या, म्हणजे श्योनाकाच्या, दोन क्विंटल मुळांची मागणी केली. जुने स्नेही म्हणून हक्काने केली.

पंधरा दिवसांत मनीऑर्डरने पूर्ण रक्कम परत आली. खालच्या चिठोऱ्यात एकच ओळ होती: “झाड मारून कोनाले वाचवाचं गा?”

आम्हांस फार लागले. मुळे ग्रंथोक्त, मागणी प्रामाणिक, आणि हा आम्हांस झाडाचे मारेकरी ठरवतो! शेजारच्या मेंढा-लेखा गावास २००९ मध्ये वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाला होता. आपल्या जंगलातून काय व किती न्यावे, याचा विचार त्या टापूत गावोगाव सुरू झाला होता. तो त्यांच्यात राहत होता. गावकऱ्यांना न विचारता त्याने आमच्यासाठी कुदळ कशी उचलावी, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही. पुढे लग्नकार्यात भेटी झाल्या, क्षेमकुशल झाले, पण तेवढेच. खोलीवर मुक्कामास जाणे थांबले. सुरुवात आम्ही करावयास हवी होती. केली नाही.

तेराव्यास गेलो. जेवणे आटोपल्यावर वहिनींनी आम्हांस घरामागच्या बांधावर नेले. पाने झडलेली अकरा झाडे ओळीने उभी होती आणि त्यांवर तलवारीसारख्या लांब, चपट्या, काळपट शेंगा लोंबत होत्या. आता आम्हांस झाड ओळखता येत होते. टेटू.

“हे तुमचेच आहेत, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी त्याची वही आणून दिली. रुग्णांच्या नोंदींमध्येच एक पान होते. तारीख जून २०११ ची. “चंद्रपूरवाल्याकरिता. टेटू बी ४०.” त्याखाली वर्षावर्षाने निरनिराळ्या शाईत: उगवले २६, शेळीने खाल्ले ८, उन्हाळ्यात मेले ७, उरले ११. शेवटी लिहिले होते की मुळांवाचून चालतच नसेल तर यांतील घ्यावीत, रानातली नाही. पण आधी खोडाची साल घालून एक घाणा करून पाहावा. हे त्याने आम्हांस कधीच कळवले नाही. त्याचाही अभिमान आमच्याइतकाच ताठ होता म्हणावयाचा.

“खणायचे का?” वहिनींनी विचारले. आम्ही नको म्हणालो. एक शेंग मात्र मागून घेतली. ती उकलली तेव्हा कागदासारख्या पातळ पंखांची बीजे वाऱ्याने बांधभर उडाली. वहिनी आणि आम्ही ती वेचीत बराच वेळ वाकून होतो.

त्या वर्षी मृगात औषधशाळेच्या मागील जागेत साठ बीजे लावली. सदतीस उगवली. कुंपण आधीच घातले होते, शेळ्यांसाठी.